शेंगेनचा व्हिसा व नव्वद दिवसांचा हिशेब

मुलगा जर्मनींत नोकरीस आहे, सूनबाईंचे दिवस भरत आले आहेत. तेव्हां बाळंतपण पार पडून मूल सहा महिन्यांचें होईपर्यंत सासूबाईंनीं तेथें राहावें, असा बेत अनेक घरीं ठरतो. आमच्या परिचयांतील एका कुटुंबांत तिकिटें निघालीं, डिंकाच्या लाडवांचा डबा भरला, आणि मग कळलें कीं, इतके दिवस राहतांच येत नाहीं! वाचकांवर असा प्रसंग येऊं नये, म्हणून हा लेखप्रपंच.

एके काळीं परदेशगमनाची अडचण आपल्याच उंबरठ्यावर होती. समुद्र ओलांडणारास प्रायश्चित्त घ्यावें लागे. युरोपांतील बहुतेक देशांत मात्र त्या वेळीं पासपोर्टावांचूनही हिंडतां येई. १९१४ च्या महायुद्धानें हें सारें पालटलें. पुढें १४ जून १९८५ रोजीं लक्झेंबर्गमधील शेंगेन गांवीं, मोझेल नदींतील एका बोटीवर, पांच राष्ट्रांनीं आपसांतील कुंपणें काढण्याचा करार केला. आज त्या संघांत २९ राष्ट्रें आहेत. ब्रिटन व आयर्लंड त्यांत नाहींत.

या संघाचा अल्पमुदतीचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहूं देतो. समजा, सासूबाई १ एप्रिलला उतरल्या. येण्याचा व जाण्याचा हे दोन्ही दिवस मोजावयाचे. म्हणजे २९ जूनला नव्वद भरले व त्याच दिवशीं निघालें पाहिजे. पुन्हां पाऊल टाकावयाचें तें २८ सप्टेंबरच्या आधीं नाहीं. मध्यंतरीं जर्मनींतून फ्रान्सांत गेल्यानें मोजणी नव्यानें सुरू होत नाहीं. व्हिशावर मुदतीच्या तारखा व राहण्याचे दिवस निरनिराळे छापलेले असतात. मुदत दीर्घ दिसली म्हणून तितके दिवस मिळाले, असें समजूं नये. १२ ऑक्टोबर २०२५ पासून येण्याजाण्याची नोंद यंत्रांत होऊं लागली आहे. तेव्हां चुकीकडे कोणी काणाडोळा करील, ही आशा व्यर्थ होय.

बाकीच्या अटी सोप्या आहेत. पासपोर्ट दहा वर्षांच्या आंतील, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा व दोन कोरीं पानें असलेला हवा. आजारपणासाठीं ३०,००० युरोंचा विमा हवा. जेथें मुक्काम अधिक, त्या देशाकडे प्रवासापूर्वीं सहा महिने ते पंधरा दिवस या अवधींत अर्ज करावा. जून २०२४ पासून मोठ्या माणसांस फी ९० युरो आहे.

आतां सहा महिन्यांच्या बेताचें काय? यावर आम्हांस एक सरळ तोड दिसते. नव्वद दिवसांची मोजणी प्रत्येक माणसाची स्वतंत्र असते. तेव्हां पहिले तीन महिने सूनबाईंच्या मातोश्रींनीं जावें, पुढील तीन महिने सासूबाईंनीं. दोन्ही विहिणींनीं हें आधींच बसून ठरविलें, तर कायदाही पाळला जाईल, आणि बाळास दोन्ही आज्यांचे हात लागतील.