पाच लिटर हवा, वजन एक किलो

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या टपावर किंवा वडापच्या ट्रॅक्सवर लोखंडी पाइपांचा जो सांगाडा असतो, तो कॅरियर आपण रोज बघतो. मध्यम आकाराचा कॅरियर उचलून पाहिला तर भरतो जेमतेम 15 किलो. समजा, पुण्यातल्या नाना पेठेतल्या दुकानदाराला असा एक कॅरियर चंद्रपूरच्या गिऱ्हाईकाला पाठवायचा आहे. तो कुरिअरच्या ऑफिसात जातो. कुरिअरवाला काट्याकडे बघतो न बघतो आणि टेप काढतो. लांबी 140 सेंटिमीटर, रुंदी 100, उंची 20. कॅल्क्युलेटरवर दोन-चार बटणं दाबतो आणि सांगतो, “56 किलो.”

15 चे 56 कसे झाले? लबाडी म्हणाल, तर अजिबात नाही. हिशोब चोख आहे, आणि एकदा कळला की जगातली अर्धी मालवाहतूक वेगळीच दिसायला लागते.

लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणायची आणि 5000 ने भागायची. याला म्हणतात व्हॉल्युमेट्रिक वजन. ते आणि काट्यावरचं वजन, यांतलं जे जास्त त्यावर भाडं. 5000 घन सेंटिमीटर म्हणजे पाच लिटर. थोडक्यात, तुमच्या वस्तूने अडवलेली दर पाच लिटर जागा म्हणजे एक किलो! पाच लिटर हवेचं खरं वजन किती असतं माहीत आहे? साधारण सहा ग्रॅम. सहा ग्रॅमचं बिल एक किलोचं. आणि आपला कॅरियर म्हणजे तरी काय? चार पाइपांनी वेढलेली 280 लिटर हवाच की!

पण हे कुरिअर विमानाने जातं, तेव्हा थोडं विमानाच्या बाजूनेही बघू या. विमानाच्या पोटातली जागा ठरलेली आणि उचलायचं वजनही ठरलेलं. भाडं फक्त वजनावर लावलं तर कापूस, थर्माकोल आणि कॅरियर यांनीच पोट भरेल आणि विमान जवळजवळ फुकट उडेल. म्हणून मध्ये एक रेघ आखली: घनमीटरला 200 किलो, म्हणजे पाण्याच्या घनतेचा पाचवा हिस्सा. खोक्यासकट तुमची वस्तू त्याहून हलकी असेल तर जागेचे पैसे द्या, जड असेल तर वजनाचे. अमेरिकेतल्या दोन बड्या कंपन्या, यूपीएस आणि फेडेक्स, रस्त्याने जाणाऱ्या छोट्या पार्सलांना पूर्वी यातून सूट देत. 2015 उजाडता उजाडता दोघींनीही ती काढून टाकली.

ट्रान्सपोर्टवाल्याचं गणित तर याहूनही देखणं आहे. तो घनफुटात बोलतो. सेंटिमीटरचा गुणाकार 27000 ने भागला की ढोबळ घनफूट मिळतात. मग प्रत्येक घनफुटाला सहा, सात, कुठे दहा किलो धरायचे. हे सात कुठून आले? एक 32 फुटी मल्टी-ॲक्सल कंटेनर ट्रक डोळ्यांसमोर आणा. आठ फूट रुंद, आठ फूट उंच. आत साधारण 2048 घनफूट जागा, आणि वाहून न्यायचा माल सुमारे 15 टन. भागाकार करा: घनफुटाला सात किलोंपेक्षा थोडं जास्त. काट्यावर आणि जागेत ट्रक एकाच वेळी भरतो, तो नेमका हा आकडा. कुणी कुठलं पुस्तक उघडो न उघडो, ट्रकच्या पत्र्याच्या मापातच तो लिहिलेला आहे.

आणि हा समतोल प्रत्यक्षात किती अवघड असतो ते बघा. याच ट्रकमध्ये भरीव लोखंडाचे 15 टन टाकले तर ते किती जागा घेतील? दोन घनमीटरसुद्धा नाही. ट्रकची जागा आहे सुमारे 58 घनमीटर. म्हणजे वजनाची मर्यादा संपली आणि जागेचे शंभरातले 96 भाग अजून रिकामे! वेफर्सच्या पाकिटांचं उलटं. ट्रक छतापर्यंत ठासून भरला तरी टायरांना जाणवत नाही. वेगवेगळ्या गिऱ्हाईकांचा माल एकत्र नेणाऱ्या ट्रान्सपोर्टरची सगळी कमाई या दोघांची जोडी जुळवण्यात आहे. खाली कास्टिंगच्या पेट्या, बॅटऱ्या, पंप. वर छताखाली उरलेल्या पोकळीत फुगीर माल. आपला कॅरियर त्या पोकळीसाठीच जन्माला आल्यासारखा. म्हणून तर जी वस्तू कुरिअरच्या पट्ट्यावर अडते, वळणावर अडकते, हातानेच उचलावी लागते, तीच ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये कुणाला जड जात नाही. हमाल ती बघतो, पाठीवर घेतो आणि शेवटी वर चढवतो.

आकडे मांडूनच बघू. समजा, विमानाने किलोला 100 रुपये आणि रस्त्याने 12 रुपये पडतात (दर बदलतात, हे नुसतं उदाहरण). विमानाने 56 किलो म्हणजे 5600 रुपये. रस्त्याने घनफुटाला सात किलो धरून हिशोब होतो 73 किलोंचा, म्हणजे जास्त! तरी भाडं होतं 876.

पण खरी जादू अजून पुढेच आहे. कॅरियरच्या बाजूला खाली आलेला एक ब्रॅकेट असतो ना, टपाच्या कडेच्या पन्हळीला धरणारा? समजा, तो 10 सेंटिमीटर खाली आला आहे. माप घेताना वस्तू ज्या लहानात लहान चौकोनी खोक्यात मावेल, ते खोकं मोजतात. एकाच टोकाला काहीतरी बाहेर आलं तरी सगळं खोकं तेवढ्याने वाढतं. 140 गुणिले 100 गुणिले 10, भागिले 5000: 28 किलो! चार नटबोल्ट सोडवले, ब्रॅकेट आत बांधला, की 28 किलोंचं भाडं वाचलं. दहा नंबरचा पाना आणि पाच मिनिटं.

आणि सगळाच कॅरियर नटबोल्टचा असेल तर? दोन लांब पाइप, आठ आडवे पाइप, क्लॅम्प एका पिशवीत. सगळं एकत्र बांधून 140 बाय 25 बाय 15 ची मोळी होते. व्हॉल्युमेट्रिक वजन साडेदहा किलो. खरं वजन 15. आता काट्याचं वजन जिंकलं! 56 वरून 15. पाइप तेवढेच, लोखंड तेवढंच, गेली ती फक्त हवा. 1956 साली स्वीडनमध्ये आयकियाच्या गिलिस लुंडग्रेनने एक टेबल गाडीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि त्यातून सुटं फर्निचर चपट्या खोक्यात विकण्याचा अख्खा धंदा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात चाकं काढलेल्या जीप लाकडी खोक्यांतून समुद्रापार गेल्या, त्याही याच हिशोबाने.

बंपरची गोष्ट जरा दुःखाची. प्लॅस्टिकचा बंपर चार-पाच किलोंचा, पण 170 बाय 50 बाय 40 च्या खोक्यात त्याचं वजन होतं 68 किलो. तो सुटा करता येत नाही, दुमडता येत नाही. कारखान्यातून निघताना मात्र दहा बंपर भांड्यांच्या दुकानातल्या स्टीलच्या डब्यांसारखे एकात एक बसतात. पहिला जागा खातो, पुढचे नऊ जेमतेम चार-चार बोटं वाढवतात. एकट्या गिऱ्हाईकाचा बंपर एकटाच निघतो आणि सगळ्या पोकळीचं भाडं एकटा भरतो. म्हणून मागवायचाच तर आपल्या गावातल्या गॅरेजवाल्याच्या पुढच्या मालासोबत मागवावा, हे माझं ठाम मत. टायरवाले तर याहून पुढे गेले आहेत. कंटेनरमध्ये ते टायर सरळ रचत नाहीत, तिरपे टाकून एकमेकांच्या भोकांत गुंफतात. भोकातली हवासुद्धा वाया जाऊ द्यायची नाही!

आता आपल्या कॅरियरच्या बांधणीकडे जरा जवळून पाहू. टोकांना आणि कोपऱ्यांना कोरुगेटेड पुठ्ठ्याचे जाड घड्या घातलेले तुकडे, कारण मार टोकांनाच बसतो. त्यावर गोणपाट, सुतळीने शिवलेलं. मधला भाग मी उघडाच ठेवीन. बंद खोक्यावर कुणीही पेटी चढवतो; पाइपांचा सांगाडा दिसला की तो आपसूक सगळ्यांच्या वर जातो. बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, नंबर आणि गावाचं नाव मार्करने दोन्ही टोकांना लिहायचं, नग दोन असतील तर ‘2 पैकी 1’ हेही. सुटी चिठ्ठी गोणपाटावरून कधी निघून जाते ते कळतही नाही.

खर्चाचा शेवटचा मोठा तुकडा असतो गोडाऊनपासून दारापर्यंतचा. ट्रक शेकडो नग एकत्र आणतो, म्हणून आठशे किलोमीटरचा वाटा प्रत्येकाला थोडाथोडाच पडतो. शेवटच्या आठ किलोमीटरांना मात्र एक टेंपो आणि दोन माणसं एकट्या तुमच्या नगासाठी निघतात. ‘गोडाऊन डिलिव्हरी’ घेऊन स्वतः उचलून आणलं तर हा तुकडा गळतो. ज्या गाडीवर कॅरियर बसायचा ती गाडी तर तुमच्याकडेच आहे. टपावर टाका आणि या!

तेव्हा पुढच्या वेळी परगावाहून असं काही मागवताना किंमत विचारण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. नटबोल्टचं आहे की वेल्डिंगचं? बांधल्यावर तिन्ही मापं किती? आणि तुमच्या ट्रान्सपोर्टचं गोडाऊन आमच्या गावाजवळ कुठे आहे? मापं सांगायला जो कुरकुर करत नाही, त्याच्याकडूनच घ्या.