दिसलं नाही, हीही नोंद : संवर्धनाच्या इंटर्नशिपबद्दलचे गैरसमज

परीक्षा आटोपल्या की व्याघ्रप्रकल्पांकडे, वनविभागाच्या कार्यालयांकडे आणि वन्यजीवांवर काम करणाऱ्या संस्थांकडे इंटर्नशिपचे अर्ज येऊ लागतात. कुणी प्राणिशास्त्र शिकत असतं, कुणी वनशास्त्र, कुणी अभियांत्रिकी सोडून इकडे वळू पाहत असतं. तळमळ खरी असते. पण जंगलाची ओळख बहुतेकांना माहितीपटांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून झालेली असते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात हिरमोड होतो. तो टाळता येतो. त्यासाठी काही समजुती घरीच ठेवून निघायला हवं.

गैरसमज : रोज प्राणी दिसतील

नवख्याला सगळ्यात जड जाते ती हीच गोष्ट, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करू. व्याघ्रगणनेच्या पहिल्या टप्प्यात एका नियतक्षेत्रात, म्हणजे बीटमध्ये, तीन दिवस रोज किमान पाच किलोमीटर पायी चालायचं असतं. डोळे वाघासाठी वर उचललेले नसतात, ते जमिनीवर असतात. पाऊलखुणा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, जमीन खरवडल्याच्या खुणा शोधायच्या आणि दिसलेली प्रत्येक खूण एम-स्ट्राइप्स या अ‍ॅपमध्ये किंवा तक्त्यात भरायची. त्यानंतर दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवर सकाळी लवकर चालून चितळ, सांबर, रानगवा असे तृणभक्षी मोजायचे. प्राणी किती होते, आपल्यापासून किती अंतरावर होते, कोणत्या कोनात होते, हे अंतरमापक आणि होकायंत्र वापरून लिहायचं. मग ठरावीक जागी थांबून झाडं-झुडपं आणि लेंड्या मोजायच्या.

या सगळ्या चालण्यात अनेकदा काहीच सापडत नाही. तेव्हा 'काही नाही' हेच लिहायचं. या जागी, या दिवशी, इतकं चालून वाघाची खूण मिळाली नाही, ही पूर्ण किमतीची माहिती आहे. वाघ कुठे आहे हे कळायला तो कुठे नाही हेही कळावं लागतं. 'बहुधा वाघाचाच ठसा असावा' म्हणून भरलेली एक ओळ मात्र पुढच्या सगळ्या हिशेबात चूक होऊन शिरते.

याची किंमत देशाने मोजलेली आहे. १९६६मध्ये ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी पाऊलखुणांवरून वाघ मोजण्याची पद्धत आणली. काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि त्यावरून वाघ ओळखायचा. प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखता येतो, या गृहीतकावर ती उभी होती आणि अनेक दशकं चालली. २००५ साल उजाडलं तेव्हा राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरलेला नव्हता. कागदावर ते होते. त्या धक्क्यानंतर पद्धत बदलली आणि २००६पासून दर चार वर्षांनी खुणा, कॅमेरा ट्रॅप आणि सांख्यिकी यांच्या आधारे अंदाज काढला जाऊ लागला. पायाला मात्र अजूनही माणसाने चालून केलेली नोंदच आहे.

कॅमेरा ट्रॅपचं कामही तितकंच चिवट. २०१८च्या गणनेत देशभरात २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांत ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रं जमा झाली आणि त्यांपैकी वाघाची होती ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे छायाचित्रांमागे एकात वाघ. उरलेल्यांत बिबटे, हरणं, डुकरं, गावची गुरं, वाऱ्याने हलणारं गवत. ही छायाचित्रं निवडून, प्रजातीनुसार वेगळी करून, तारीख-वेळ तपासून ठेवण्याचं काम इंटर्नकडे येण्याची शक्यता बरीच असते. ते दुय्यम काम नव्हे. २०२२च्या अंदाजात महाराष्ट्राच्या नावापुढे ४४४ वाघ दिसतात, त्यामागे असल्याच असंख्य सकाळ-संध्याकाळी आहेत.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून जी पाहणी होते, तिलाही लोक सर्रास 'गणना' म्हणतात. तिच्यातून वाघांची संख्या काढली जात नाही. वनविभागच आता तिला 'निसर्गानुभव' म्हणतो आणि ते योग्य आहे. चंद्रप्रकाशात जंगल ऐकण्याचा तो अनुभव जरूर घ्यावा, पण एकच अस्वल रात्रीत तीनदा पाण्यावर आलं तर ती तीन अस्वलं होत नाहीत, एवढं लक्षात ठेवावं.

गैरसमज : संवर्धन म्हणजे प्राण्याला हात लावून वाचवणं

कोकणच्या किनाऱ्यावर हा समज फार दिसतो. वेळासमध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२मध्ये गावकऱ्यांच्या मदतीने ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं आणि २००६पासून तिथे कासव महोत्सव भरतो. महोत्सवात लोक पाहतात ती पिल्लांची समुद्राकडे धाव. कासवमित्राचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. हिवाळ्यात पहाटे किनारा पालथा घालायचा, मादीच्या चालीचा माग काढून घरटं शोधायचं, अंडी काही तासांच्या आत आणि उलटीपालटी न करता हॅचरीत, म्हणजे अंडी उबण्यासाठी राखलेल्या जागेत, हलवायची, मूळ घरट्याइतकाच खोल खड्डा करून ठेवायची, तारीख आणि अंड्यांची संख्या लिहायची. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पिल्लं बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात आणि वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक. म्हणून खड्ड्याची खोली आणि हॅचरीची जागा यांत मनाने बदल करायचा नसतो.

पिल्लं उचलून थेट पाण्यात सोडायचा मोह कितीही झाला तरी आवरायचा. त्यांना वाळूवरून स्वतः चालत जाऊ द्यायचं असतं. विजेरी, मोबाइलचा फ्लॅश, किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे दिवे यांनी पिल्लं भरकटतात, तेव्हा उजेड करणाऱ्या पाहुण्यांना नम्रपणे पण ठामपणे थांबवणं हेही इंटर्नचंच काम. काही जणांना ते अवघड वाटतं. सवयीने जमतं.

नीट लिहिलेल्या एका आकड्याने काय साधतं, याचं उदाहरण याच किनाऱ्यावरचं आहे. २०२१मध्ये ओडिशात एका मादीला ०३२३३ क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावला होता. जानेवारी २०२५मध्ये ती गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिम किनाऱ्यावर येऊन घरटं करतं, याचा पुरावा त्या एवढ्याशा बिल्ल्यामुळे हाती आला. रात्रीच्या अंधारात क्रमांक चुकीचा टिपला गेला असता तर ती इतर माद्यांसारखीच एक मादी ठरली असती.

हात न लावण्यामागे कायदाही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२मध्ये शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. प्राणी पकडणं, पक्ष्यांच्या किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना, घरट्यांना धक्का लावणं हेही तिच्यात येतं. त्यामुळे इंटर्नशिप मिळाली म्हणजे साप धरायला मोकळीक मिळाली, असं कुणी समजू नये. अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं तर परवानगी लागते आणि ती ठरावीक कामासाठी, ठरावीक काळासाठी असते. संस्थेचं ओळखपत्र म्हणजे ती परवानगी नव्हे. जंगलात गळून पडलेलं चितळाचं शिंग, साळिंदराचा काटा, सुंदर पीस आठवण म्हणून पिशवीत टाकू नका. फाटकावर पिशवी तपासली गेली तर तुमच्यासोबत तुम्हाला आत आणणाऱ्या माणसाचीही अडचण होते.

गैरसमज : जंगलात धाडस लागतं

जंगलात लागते ती शिस्त, आणि वेळीच माघारी फिरण्याची तयारी. नोव्हेंबर २०२१मध्ये ताडोबात गणनेपूर्वीचं खुणांचं सर्वेक्षण करताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. सोबत वनमजूर होते, समोर रस्त्यावर वाघीण दिसल्यावर ते थांबलेही होते, आणि मग आडवाटेने पुढे निघाले होते. सरावलेल्या, कर्तव्यावर असलेल्या माणसांवर हा प्रसंग आला. तेव्हा वनरक्षकाने 'आज परत फिरू' म्हटलं की त्यावर चर्चा करायची नाही. सर्वेक्षणाची रेषा उद्याही तिथेच असते. एकट्याने चालायचं नाही, कानात हेडफोन घालायचे नाहीत, फोटोसाठी मागे रेंगाळायचं नाही आणि झुडपाआड वाकून बसताना आधी आजूबाजूला पाहायचं.

खरं सांगायचं तर वाघापेक्षा साप, गोचीड आणि ताप यांचा संबंध तुमच्याशी जास्त येईल. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर एकच प्रतिविष चालतं. त्यामुळे कोणता साप चावला हे ठरवण्यासाठी साप मारून किंवा पकडून आणण्याची गरज नसते. जखमेवर ब्लेड मारायचं नाही, तोंडाने विष ओढायचं नाही, दोरीने करकचून बांधायचं नाही. चावलेला हात किंवा पाय फळीचा आधार देऊन स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, धीर द्यायचा, वेळ लिहून ठेवायची आणि १०८ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठायचं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, सूज किंवा वेदना फारशी नसते आणि म्हणून दुर्लक्ष होतं. संरक्षण कुटीत मुक्काम असेल तर खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरात किंवा गोव्यातल्या सत्तरीत काम असेल तर माकडतापाची माहिती घेऊन जा. १९५७मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला हा विषाणूजन्य ताप गोचिडींमुळे पसरतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, ताबडतोब वनविभागाला आणि आरोग्यकेंद्राला कळवायचं. विदर्भात पावसाळ्यात आणि त्यानंतर स्क्रब टायफस आढळतो. बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या या तापात अंगावर कधी काळ्या रंगाची खपली दिसते, कधी दिसत नाही. शहरात परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना 'मी जंगलात काम करून आलो' किंवा 'आले' हे पहिल्याच वाक्यात सांगा. त्यामुळे योग्य तपासणी लवकर होते.

कपडे मळखाऊ रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, सुती. बूट घोट्यावर येणारे आणि आधी घरी वापरून सैल झालेले. नोंदवहीसोबत शिसपेन्सिल ठेवा, पावसात शाई फुटते.

गैरसमज : शिकलेला माणूस गावकऱ्यांना समजवायला जातो

जुन्नर, अकोले या ऊसपट्ट्यात काम करायला गेलात की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणेल, "साहेब, पिंजरा लावा आणि बिबट्याला जंगलात नेऊन सोडा." तुम्ही साहेब नसता आणि तो अधिकारही तुमच्याकडे नसतो, पण उत्तर द्यावं लागतं. इथे दोन्ही बाजू माहीत असायला हव्यात. बिबट्याला उचलून दूर सोडलं की प्रश्न मिटतो, ही समजूत वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात टिकली नाही. जुन्नर भागात २००१पूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून इतरत्र सोडले गेल्यावर २००१ ते २००३ या काळात ही सरासरी सतरावर गेली. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या अस्वस्थ असतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो. उसात जन्मलेल्या बिबट्याला आपण म्हणतो ते 'त्याचं जंगल' मुळात ठाऊकच नसतं.

पण हे आकडे ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घरात जाऊन सांगायचे नसतात. तिथे ऐकायचं. शेळी, वासरू मारलं गेलं असेल तर पंचनाम्यासाठी वनविभागाला लवकर कळवायला मदत करायची, गोठ्याला जाळी-दार आहे का ते पाहायचं, मुलं अंधारात एकटी शौचाला जातात का ते विचारायचं. 'पिंजरा लागेल' किंवा 'लागणार नाही' असं कोणतंही वचन द्यायचं नाही. आणि शिकायचं तर त्यांच्याकडूनच. मेळघाटातला कोरकू वनमजूर किंवा ताडोबाच्या काठावरचा गुराखी पंधरा पावलांवरून ताजी विष्ठा आणि जुनी विष्ठा सांगू शकतो. त्यांना काका, मावशी, दादा म्हणा, त्यांच्या चहाचे पैसे त्यांना देऊ देऊ नका, आणि नोंदीत माहिती देणाऱ्याचं नाव त्यांना विचारून लिहा.

याच कारणाने विज्ञानाचे विद्यार्थीच हवेत, हा समजही टिकत नाही. समाजशास्त्र, पत्रकारिता, नकाशाशास्त्र, संगणक, अगदी हिशेब ठेवता येणारी मुलंही इथे फार उपयोगी पडतात.

गैरसमज : मोकळं दिसलं की झाडं लावावीत

माळरान ही पडीक जमीन नसते. सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य १९७९मध्ये माळढोकासाठी झालं, ते गवताळ माळ असल्यामुळे. लांडगा, काळवीट, धाविक, चंडोल यांना उघडा माळच लागतो. तिथे गिरिपुष्पाची रोपं लावणं म्हणजे त्यांचं घर बुजवणं. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात सहभागी होण्याआधी ही जागा मुळात काय होती, हे स्थानिक माणसाला आणि वनरक्षकाला विचारा.

गैरसमज : प्रमाणपत्र मिळालं की इंटर्नशिप संपली

इंटर्नशिप निघण्याआधीच सुरू होते आणि परतल्यावरही उरते. जाण्याआधी काही प्रश्न लेखी विचारा. जंगलात शिरण्याची परवानगी कुणाच्या नावाने आहे? विमा आहे का आणि कुणाचा? आजारी पडल्यास गाडी कोण देणार, जवळचं प्रतिविष असलेलं रुग्णालय कोणतं? विद्यावेतन मिळणार, की आपल्यालाच शुल्क भरायचं आहे, आणि भरायचं असेल तर ते नेमकं कशासाठी? मुलींनी राहण्याची सोय आणि तक्रार कुणाकडे करायची हेही बिनधास्त विचारावं. या प्रश्नांनी नाराज होणाऱ्या ठिकाणी न गेलेलं बरं.

आणि निघताना सगळी माहिती रीतसर सोपवून या : मूळ तक्ते, मेमरी कार्ड, जीपीएसच्या नोंदी, कोणत्या बीटचं काय अपुरं राहिलं याची यादी. कॅमेरा ट्रॅपची छायाचित्रं तुमची नसतात, ती समाजमाध्यमांवर टाकू नका. स्वतः काढलेले फोटो टाकताना ठिकाणाची नोंद काढून टाका, गुहा, घरटं किंवा खवल्या मांजराचं बीळ असेल तर फोटोच टाकू नका. शिकारीही तेच पाहत असतात. वनरक्षकाचा दूरध्वनी क्रमांक जपून ठेवा आणि तुम्ही भरलेल्या तक्त्यांचं पुढे काय झालं, हे तीन-चार महिन्यांनी त्यांना फोन करून विचारा. एखाद्या ओळीबद्दल शंका असेल तर ती तुम्हालाच विचारता येईल.