छपरावर चढू देणारं ग्रंथालय

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोपरगावात, शारदा शाळेच्या आवारात माया सोमैया ग्रंथालय आहे. त्याची भिंत कुठे संपते आणि छप्पर कुठे सुरू होतं, ते शोधून सापडत नाही. विटांचा एक उंचवटा जमिनीतून उठतो, वाचनकक्षावरून जातो आणि पलीकडे पुन्हा जमिनीला टेकतो. मुलं खाली पुस्तक वाचतात आणि त्याच छपरावर चढून खेळतातही. शाळेच्या इमारती आणि कुंपण यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत मुंबईचे वास्तुविशारद समीप पडोरा यांनी हे घडवलं. काम २०१८ मध्ये पूर्ण झालं.

आपल्याकडे बांधकाम म्हणजे कॉलम, बीम आणि स्लॅब, हे इतकं ठरून गेलंय की दुसरा विचार सुचत नाही. सपाट स्लॅबवर वजन आलं की तो किंचित वाकतो. वरचं अंग दाबलं जातं, खालचं ताणलं जातं. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून खालच्या अंगाला लोखंडी सळ्या घालाव्या लागतात. कोपरगावच्या छपराचा आकारच असा की ताण फारसा उद्भवूच नये. दोन टोकांना धरलेली साखळी लोंबते तेव्हा तिच्यात फक्त ताण असतो. तोच आकार उलटा केला की फक्त दाब उरतो. रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये मांडलेलं हे तत्त्व. इथे तो आकार झुरिचमध्ये विकसित झालेल्या 'रायनोव्हॉल्ट' या संगणक प्रणालीवर काढला.

बांधणीची रीत स्पेनमधल्या कॅटलोनियाची. पातळ वीटफरशा आडव्या पसरून लावायच्या. पहिला थर क्षणांत धरणाऱ्या जिप्समने जोडायचा, त्यामुळे खालून आधार देणाऱ्या भक्कम सेंट्रिंगची गरज राहत नाही. मग पुढचे थर सिमेंटमध्ये, खालचे सांधे चुकवून. उरुग्वेचे अभियंता एलादिओ दिएस्ते यांनी विसाव्या शतकात विटांतून जी पातळ कमानदार छपरं उभारली, त्यांचा वारसा पडोरा मानतात.

अशी कमान पायथ्याशी बाहेर रेटा देते. तो रेटा थोपवायला कडेने बीम फिरवली आहे आणि तिच्याखाली जमिनीत खोल जाणारे खांब, म्हणजे पाइल, घेतले आहेत. मला या रचनेतलं हेच सर्वांत शहाणपणाचं वाटतं: विटेला जमतं तिथे वीट, जमत नाही तिथेच इतर साहित्य.

आतली बैठकही या आकारानेच ठरवली. कडेला छप्पर खाली येतं, तिथे मुलं जमिनीवर बसतात. मधे उंची मिळते, तिथे टेबलं आणि रंगीत गोल स्टुलं मांडली आहेत.