तलावाच्या तळाशी काय आहे?

कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग समुद्र आहे. नाव समुद्र, प्रत्यक्षात तलाव. त्याच्या तळाशी एक बुडालेले नगर आहे, तिथे उतरणारा जिना किल्ल्यातल्या विहिरीतून जातो आणि जिन्याच्या दाराची किल्ली उदगीरच्या एका अत्तरवाल्याकडे आहे. यातला तलाव खरा. नगर, जिना आणि अत्तरवाला माझ्या वहीतले.

ही वही डीएमची, म्हणजे डंजन मास्टरची. रोलप्लेइंग गेममध्ये एक जण जग रचतो आणि बाकीचे चार-पाच जण त्या जगातले एकेक पात्र होतात. ‘मी दार ढकलते,’ असे एखादी म्हणाली की वीस बाजूंचा फासा पडतो आणि दार उघडले की नाही ते ठरते. पट नसला तरी चालतो, बोलणारी माणसे लागतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत १९७४ साली छापून आला आणि तिथून हा प्रकार पसरला. तयार जगे विकत मिळतात, पण अनेकांना स्वतःचेच जग हवे असते. खेळणारे त्याला ‘होमब्रू’ म्हणतात.

नांदेड-लातूरकडे बसून जग रचणाऱ्याला सामान कमी पडत नाही. राष्ट्रकूट स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे बरेच अभ्यासक मानतात. कंधारजवळ मानसपुरीला एका प्रचंड मूर्तीचे तुकडे सापडलेले आहेत. औसा तालुक्यात खरोशाची लेणी, देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, आणि १७६०च्या लढाईचा उदगीर. त्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच बाजारात ऐकू येतात, त्यामुळे पात्रांच्या तोंडी कोणती बोली घालायची हा प्रश्नच येत नाही.

आणखी एक सोय आहे, ती फारशी कुणी बोलून दाखवत नाही. इंग्रजी पुस्तकातली सराई आधी समजावून सांगावी लागते. गढी, बारव, पारावरची बैठक, आठवडी बाजार यांना एका ओळीचाही खुलासा लागत नाही. पाणी हेच जिथे चलन आहे असे राज्य मांडले, तर लातूरच्या खेळाडूला त्याचे नियम आपोआप कळतात. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आलेली त्याने पाहिलेली असते. म्हणजे सांगायचे ते फक्त वेगळे काय आहे तेवढेच. काही गोष्टींना मात्र हात लावू नये असे माझे मत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप हा खेळातला ‘प्रसंग’ होऊ शकत नाही. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरातले कोण गेले, हे आपल्याला ठाऊक नसते. माहूरची रेणुका आणि नांदेडचा हजूर साहिब यांनाही खऱ्या नावाने खेळात ओढायचे कारण नाही.

आता खरी अडचण. वहीतले जग खेळाडूंपर्यंत पोचवायचे कसे? सगळे सांगून टाकले तर शोधायला काही उरत नाही. काहीच सांगितले नाही तर खेळाडू आंधळे होतात आणि दर वाक्याला ‘इथे राजा कोण?’ असे विचारत बसतात.

यावर एक जुना तोडगा आहे. ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ १९७५ साली आला. त्याचा कर्ता एम. ए. आर. बार्कर हा मिनेसोटा विद्यापीठातला उर्दूचा प्राध्यापक. त्याने टेकुमेल नावाच्या जगाला भाषा, लिपी, देवदेवता असे सगळे दिले. नवख्याने वाचायला घेतले तर छाती दडपावी इतके. म्हणून खेळाची सुरुवात अशी ठेवली, की खेळाडूंची पात्रे परदेशी असतात आणि नुकतीच बोटीतून एका बंदरावर उतरलेली असतात. पात्राला काही ठाऊक नाही, खेळाडूलाही नाही. दोघे बरोबरच शिकतात. (याच बार्करने टोपणनावाने नाझी विचारांची कादंबरी लिहिली होती, हे २०२२ साली त्याच्या जगाचा वारसा सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानानेच मान्य केले. माणसाचे कौतुक करवत नाही, युक्ती तेवढी घ्यावी.)

आपल्याकडे मांडणीचा याहून जुना नमुना महानुभावांचा आहे. श्रद्धेचे ग्रंथ आणि खेळ यांची बरोबरी मी करत नाही, फक्त माहिती कशी ठेवली आणि कुणाला दिली ते पाहतो. माहूर हे या पंथाचेही स्थान. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसे गाठून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या आणि त्यातून ‘लीळाचरित्र’ झाले. ‘स्थानपोथी’त चक्रधर जिथे जिथे राहिले त्या जागांची नोंद आहे: दार कोणत्या दिशेला, ओटा कुठे, पलीकडे काय. पुढे हे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवले गेले, म्हणजे पंथातला वाचील, बाहेरचा पाहत राहील. मूळ प्रत हरवल्यावर पुन्हा आठवून लिहिताना पाठभेद झाले, तेही जपले गेले. एक व्यक्तींची नोंद, एक जागांची नोंद, आणि कोणते पान कुणाला उघडेल याचा बंदोबस्त. घरच्या जगाला साधनांकडून नेमके हेच हवे असते.

बहुतेक गटांचा आरंभ व्हॉट्सअॅपवर होतो आणि तिथेच जग बुडते. कंधारच्या सरदाराचे नाव तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी लिहिले होते. ते आता वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली कुठे आहे ते शोधा. व्हॉट्सअॅप तारीख ठरवायला ठेवावे. नकाशा पाठवायचाच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर गावांची नावे पुसट होतात.

माझी पसंती ऑब्सिडियनला. २०२०मध्ये आलेले हे टिपणांचे अॅप मोफत आहे, आणि महत्त्वाचे म्हणजे टिपणे साध्या मजकुराच्या फायली म्हणून आपल्याच संगणकावर राहतात. नेट नसले, कंपनी बंद पडली तरी फायली उघडतात. दुहेरी चौकोनी कंसात ‘अत्तरवाला’ लिहिले की त्या नावाचे पान जोडले जाते. महिनाभरात अशा जोडण्यांचे जाळे तयार होते. खेळाडूंसाठी त्यातली निवडक पाने संकेतस्थळावर टाकता येतात. ऑब्सिडियनची स्वतःची सेवा पैसे घेते. क्वार्ट्झ नावाचे साधन आणि गिटहब यांची जोडी फुकटात तेच करते. इथे एक खड्डा आहे. गिटहबच्या मोफत खात्यावर संकेतस्थळ चालवायचे तर मूळ फायलींचा साठाही सर्वांना खुला ठेवावा लागतो. पान संकेतस्थळावर दिसत नसले तरी चलाख खेळाडू साठ्यात जाऊन किल्ली कुणाकडे आहे ते वाचून येतो. म्हणून गुपितांचा फोल्डर त्या साठ्यात पाठवायचाच नाही.

ज्यांना फायली हाताळायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी कांका आणि वर्ल्ड अॅन्व्हिल आहेत. दोन्हींत पात्र, गाव, देव, घराणे यांचे साचे तयार मिळतात. कांकामध्ये प्रत्येक नोंद कुणाला दिसावी ते ठरवता येते आणि मूळ वापर मोफत आहे. वर्ल्ड अॅन्व्हिल जास्त नटलेले. तिथे जग खासगी ठेवायचे तर पैसे मोजावे लागतात. एवढे रकाने समोर आले की डीएम देवळातल्या पुजाऱ्याच्या आजोबांची जन्मतारीख भरत बसतो आणि रविवारचा खेळ राहून जातो. साचे रिकामे ठेवायची हिंमत असेल तरच तिकडे जावे.

लातूरचा एक खास प्रश्न आहे. शिकवणीचे शहर असल्याने गट फार काळ एका ठिकाणी टिकत नाही. बारावी झाली की एक पुण्याला, एक छत्रपती संभाजीनगरला, एक घरी उदगीरला. मग खेळ पडद्यावर येतो. रोल२० हे २०१२पासूनचे, ब्राउझरमध्ये चालणारे टेबल; त्यात नकाशावर अंधार पसरवून ठेवता येतो आणि पात्रे पुढे सरकतील तसा तो उठवता येतो. आउलबेअर रोडिओ त्याहून हलके, दुवा पाठवला की काम झाले. मंद नेटवर मी तेच सुचवीन. फाउंड्री एकदाच विकत घ्यायचे, खेळाडूंना खर्च नाही, पण ते आपल्या संगणकावरून चालवावे लागते. अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता कितीतरी ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरच्या खेळाडूला आपल्या संगणकापर्यंत पोचताच येत नाही. सॉफ्टवेअर घेण्याआधी हे तपासावे.

नकाशासाठी अझगार नावाचे मोफत साधन ब्राउझरमध्येच एका क्षणात समुद्र, डोंगर, राज्ये मांडून देते. काम झाले की फाइल उतरवून घ्यावी, ब्राउझरच्या भरवशावर सोडू नये. पण मांजरा आणि तेरणेच्या खोऱ्यावर जग बेतायचे असेल तर खरा भूगोलच घ्यावा. फेब्रुवारी २०००मध्ये अमेरिकेच्या एका अंतराळयानाने पृथ्वीच्या उंचसखलपणाची मोजणी केली; ती माहिती फुकट मिळते आणि क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडली की बालाघाटाचे डोंगर जसेच्या तसे उभे राहतात. नद्या आणि रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्यावेत, श्रेय द्यावे. मग शहरे पुसायची, जंगल वाढवायचे.

देवनागरीचा त्रास वेगळा आहे. परदेशी नकाशा-साधनांत जोडाक्षरे फुटतात. फाँट बदलून पाहावा, नाहीतर नावे वेगळ्या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये लिहावीत. टिपणांत एकदा ‘होट्टल’ आणि एकदा ‘होटल’ लिहिले तर शोध चुकतो, म्हणून नावांची एक यादी आधीच ठरवून ठेवावी. आणि खेळात कागद हातात द्यायचा असेल, जसे अत्तरवाल्याचे पत्र किंवा सरदाराचे फर्मान, तर डीटीपीच्या दुकानात जाण्याआधी विचारून घ्यावे. तिथे अनेकदा जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फाँट चालतात आणि आपला मजकूर तिथे गेल्यावर चिन्हांचा ढीग होतो. चित्र म्हणून किंवा पीडीएफ करून न्यावे. असा छापलेला, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद हे माझ्या मते अजूनही सर्वांत चांगले साधन आहे. खेळाडू तो घरी नेतात आणि पुढच्या आठवड्यात त्यातली अशी ओळ दाखवतात जी लिहिणाऱ्याच्या लक्षातही नसते.

राहता राहिला हक्कांचा प्रश्न. जानेवारी २०२३मध्ये परवान्यावरून मोठा गदारोळ झाल्यावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मालक कंपनीने मूळ नियमांचा एक संच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. श्रेयाची ओळ ठेवली तर ते नियम भाषांतरित करता येतात, बदलता येतात, छापून विकताही येतात. जग तर आपलेच असते. त्यामुळे जगत्तुंगाच्या तळाचे नगर, त्याचे नियम आणि नकाशा मिळून एक मराठी पुस्तिका काढायची ठरवली, तर कायद्याची आडकाठी नाही. फक्त अत्तरवाल्याचे पान शेवटी, वेगळ्या बंद पाकिटात द्यावे लागेल.