तिंबलेला ॲल्युमिनियम आणि उष्णता

पुण्याच्या तांबट आळीत जो कोणी क्षणभर उभा राहिला असेल, त्याने एक गोष्ट पाहिली असेल. ठोकता ठोकता कारागीर मध्येच थांबतो, भांडे भट्टीत तापवितो आणि मग पुन्हा हातोडा उचलतो. ठोके खाऊन तांबे ताठर बनते. तापविले की ते पुन्हा मऊ होते. या दोन कृती ध्यानात ठेवा. आता तांब्याऐवजी आपल्या स्वयंपाकघरातले ‘जर्मन’, म्हणजे ॲल्युमिनियम, घेऊ.

कोणताही धातू असंख्य बारीक स्फटिकांचा बनलेला असतो. १९७० नंतरच्या दशकात मिन्स्क येथे सेगल व त्यांचे सहकारी यांनी धातूची कांब कोनात वळलेल्या बोगद्यातून दाबून काढण्याची युक्ती शोधली. कांबेची जाडी तीच राहते, म्हणून ती पुनःपुन्हा त्याच वाटेने घालता येते. कणीक तिंबावी तसा हा प्रकार! काही फेऱ्यांनंतर स्फटिक मिलिमीटरच्या दोन ते पाच दशसहस्रांशाइतके बारीक होतात आणि धातू कितीतरी बळकट बनतो.

स्फटिकांच्या इतक्या भिंती उभ्या राहिल्यावर उष्णता अडेल, असे कोणालाही वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु धातूत उष्णता वाहून नेतात ते मुख्यत्वे मोकळे इलेक्ट्रॉन. म्हणूनच विजेचा चांगला वाहक तो उष्णतेचाही, हे वीडेमान आणि फ्रान्झ यांनी १८५३ मध्ये दाखविले. नेहमीच्या उष्णतामानाला ॲल्युमिनियममधला इलेक्ट्रॉन एका धक्क्यापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम दोन लक्षांश मिलिमीटर जातो. भिंत त्याच्या दहा-वीस पट दूर! तिथवर पोचण्याआधीच तो अणूंच्या कंपनांवर अनेकदा आपटलेला असतो. त्याला खरा जाच होतो तो धातूत विरघळलेल्या परक्या अणूंचा. शुद्ध ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला सुमारे २३७ वॉट. मॅग्नेशियम व सिलिकॉन घातलेल्या ६०६१ या मिश्रधातूची, कमावलेल्या स्थितीत, सुमारे १६७.

आणि येथेच गंमत आहे. तिंबण्याने स्फटिकांत जी मोडतोड होते, तिच्या आधाराने हे परके अणू एरवीपेक्षा कमी उष्णतामानालाच गोळा होऊन सूक्ष्म कण बनवितात. इलेक्ट्रॉनची वाट मोकळी होते. बळकटी हवी तर वाहकता सोडा, हा विजेच्या तारा करणाऱ्यांचा जुना पेच त्यामुळे सैल होतो. रशियातील उफा येथील संशोधकांनी दोन्ही गुण एकत्र वाढवून दाखविले आहेत.

मात्र तांबटाची दुसरी कृती विसरून चालणार नाही. तिंबताना धातूत साठलेली ऊर्जा संधीच पाहत असते. शुद्ध ॲल्युमिनियम २०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापला की मोठे स्फटिक लहानांना गिळू लागतात आणि कमावलेली बळकटी जाते. थोडे स्कँडियम घातले तर त्याचे सूक्ष्म कण स्फटिकांच्या भिंतींना खिळ्यांसारखे धरून ठेवतात. पण स्कँडियम फार महाग; म्हणून जास्त तापणाऱ्या तारांत त्याऐवजी झिर्कोनियम घालतात आणि थोडी वाहकता गमावतात.