मोत्यासह बदलीच्या गावी

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात स्वर्गाचा रथ दारी उभा असताना, आपल्यामागून वाट चालत आलेल्या कुत्र्याला सोडून त्यात पाऊल ठेवण्यास धर्मराज नकार देतो. बदलीच्या नोकरीतील कुटुंबांवर हा प्रसंग दर तीन-चार वर्षांनी येतो. फरक इतकाच की, तेथे इंद्राचा रथ नसून सामानाने भरलेली मोटार असते. कपाट जाते, शिवणयंत्र जाते, तुळशीची कुंडीदेखील जाते. मोत्या मात्र शेजाऱ्यांच्या हवाली होतो आणि कित्येकदा कुणाच्याच हवाली होत नाही. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्यास वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमान्वये अपराध आहे. परंतु कायद्याचे भय घालण्याची येथे गरज नाही. बहुतेक माणसे निष्ठुरपणामुळे नव्हे, तर ‘इतक्या लांब त्याला न्यायचे कसे?’ या धास्तीने हार खातात.

रेल्वेने न्यावयाचे तर वातानुकूलित प्रथम वर्गाचा स्वतंत्र कक्ष मिळवावा लागतो, नाही तर गार्डच्या डब्यातील पेटीत त्याला एकटे ठेवावे लागते. त्या मानाने मोटार बरी. समजा, नागपूरहून बंगळूरला जावयाचे आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ ने हे अंतर सुमारे ११०० किलोमीटर भरते आणि हैदराबाद जवळजवळ अर्ध्या वाटेवर येते. तेथे रात्रीचा मुक्काम करून दोन दिवसांत हा प्रवास आटोपता येतो. मात्र कुत्र्यासह राहू देणारे ठिकाण आधीच विचारून ठेवावे. रात्री ९ वाजता दारात उभे राहून विनवण्या करण्याची पाळी येऊ देऊ नये.

तयारीला महिनाभर आधी प्रारंभ करावा. पिसाळरोगप्रतिबंधक लस टोचून घ्यावी, म्हणजे प्रतिकारशक्ती येण्यास अवधी मिळतो. धाब्यांच्या आसपास भटकी कुत्री असतातच. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की तो बहुधा प्राणच घेतो. लस टोचल्याचा दाखला सामानाच्या ट्रंकेत न टाकता हाताशी ठेवावा. वाटेत कुणाला कुत्रा चावलाच तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तडक दवाखाना गाठावा.

पुष्कळ कुत्र्यांचा मोटारीशी परिचय केवळ दवाखान्यापुरता असतो. मग ती मोटार पाहताच शेपूट घालतात, यात नवल काय? प्रथम उभ्या गाडीत त्याला बसवून खाऊ द्यावा, नंतर गल्लीला एक फेरी मारावी, मग अर्धा तास हिंडवून आणावे. पंधरवड्यात भीती बरीच ओसरते. बसण्याची जागा मागील आसनावर असावी. छातीवरून जाणारा पट्टा आसनाच्या पट्ट्यास अडकवावा. गळपट्ट्यास दोरी बांधली तर ब्रेक लागताच मानेला हिसका बसतो. खिडकीतून डोके बाहेर काढू देणे पाहावयास गोड, पण डोळ्यांत खडे-धूळ जाते. १९०३ साली डॉ. होरेशिओ नेल्सन जॅक्सन यांनी प्रथमच मोटारीने अमेरिका खंड ओलांडले, तेव्हा त्यांच्या ‘बड’ या कुत्र्याला चक्क धूळरोधक चष्मा चढविला होता! आपल्या मोत्याला खिडकीची काच वर ओढली तरी पुरे.

आता खऱ्या संकटाकडे वळू. बदल्या बहुधा शाळा संपताना, म्हणजे ऐन एप्रिल-मे महिन्यांत होतात आणि त्या दिवसांत विदर्भ कसा तापतो हे सांगावयास नको. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकतो. भोवतालची हवाच तापली की हा उपाय लंगडा पडतो. पग जातीसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे तर विशेष हाल होतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील वैद्यकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले, त्यातील बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काचा किंचित उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. म्हणून ‘पाच मिनिटांत चहा घेऊन येतो’ म्हणून त्याला गाडीत कोंडू नये. एकाने नेहमी त्याच्याजवळ थांबावे. चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची चिन्हे होत. लगेच सावलीत न्यावे, अंगावर थंड पाणी ओतावे, वारा घालावा आणि पशुवैद्याकडे धाव घ्यावी.

यास्तव पहाटे ४ ला निघावे. आदल्या रात्री ८ वाजता नेहमीचे जेवण द्यावे, सकाळी केवळ पाणी पाजावे. भरल्या पोटी वळणावळणांच्या रस्त्यावर ओकारी ठरलेली. दर दोन-तीन तासांनी दोरी हाती धरूनच त्याला उतरवावे. आदिलाबाद ऊन चढण्यापूर्वी मागे पडावे. डांबरावर आपला पालथा हात पाच सेकंद टेकवून पाहावा. हाताला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. धाब्यावरची कांदा-लसणाची आमटी त्याला घालू नये, कांदा त्याच्या रक्तपेशींचा नाश करतो. मनुका व चॉकलेटही वर्ज्य. आपल्या तापाच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ही औषधे कुत्र्याला बाधतात.

नव्या घरी पोहोचल्यावर पहिले काही दिवस फाटक बंद असावे. अनोळखी गावात सुटलेला कुत्रा घराचा माग काढू शकत नाही. म्हणून गळ्यातील बिल्ल्यावर नवा पत्ता व दूरध्वनी क्रमांक निघण्यापूर्वीच कोरून घ्यावा. आणि त्याची जुनी गोधडी, कितीही मळकी असली तरी, निघण्याच्या गडबडीत धुऊ नये. तिच्या वासावरच तो पहिल्या रात्री झोपतो.