प्रतिक्रियांची पारख : एका पोशाखाचा वाद

विश्वासार्हता कशावर ठरते

समाजमाध्यमावरची प्रतिक्रिया कितपत खरी, हे ठरवताना सहसा लिहिणाऱ्याचा सूर पाहिला जातो : भाषा संयमी आहे का, माणूस प्रामाणिक वाटतो का. ही कसोटी अपुरी पडते, कारण प्रामाणिक माणूसही मनापासून चुकीचे सांगतो. ज्या गोष्टीबद्दल तो ठामपणे बोलतो आहे, ती त्याला कळायला काही मार्ग होता का, हा प्रश्न अधिक उपयोगी. 2015 मधला पोशाखाचा वाद या तपासणीला फार सोयीचा आहे. त्यात बहुतेक जण खरे बोलत होते, आणि अचूक उत्तरही लवकरच हाती आले.

वादाची हकीकत

स्कॉटलंडमधल्या एका लग्नाच्या निमित्ताने टिपलेले पोशाखाचे छायाचित्र फेब्रुवारी 2015 मध्ये टम्बलरवर आले. 26 तारखेला बझफीडने ते उचलले आणि जगभर दोन तट पडले. काहींना पोशाख निळा-काळा दिसे, काहींना पांढरा-सोनेरी. तो विकणाऱ्या रोमन ओरिजिनल्स या ब्रिटिश कंपनीने निर्वाळा दिला : कापड गडद निळे, लेस काळी.

एका प्रतिक्रियेत तीन विधाने

‘पोशाख पांढराच आहे, मला स्पष्ट दिसतोय, निळा दिसणाऱ्यांनी डोळे तपासून घ्यावेत’ या धाटणीच्या प्रतिक्रियेत तीन वेगळी विधाने एकत्र गुंफलेली असतात. मला पांढरा दिसतो, हे पहिले. त्याची साक्ष फक्त लिहिणाराच देऊ शकतो, आणि खोटे बोलण्याचे कारण दिसत नसेल तर ती मानायला हरकत नाही. पोशाख पांढरा आहे, हे दुसरे. ते कापडाविषयी आहे. छायाचित्र कितीही निरखले तरी कापड हाती येत नाही. इथे वजन पडते ते पोशाख प्रत्यक्ष पाहिलेल्याच्या किंवा विकणाऱ्याच्या शब्दाला.

तिसरे विधान कारणाचे, आणि घसरगुंडी बहुधा तिथेच होते. छायाचित्र जादा प्रकाशात धुऊन निघालेले होते. त्यातले प्रत्यक्ष रंग फिकट निळसर आणि तपकिरी. वस्तूवर कोणता प्रकाश पडला असावा याचा अंदाज बांधून मेंदू त्या प्रकाशाची छटा वजा करतो. सावलीतला निळसर उजेड गृहीत धरला की पोशाख पांढरा-सोनेरी दिसतो, पिवळसर दिवा धरला की निळा-काळा. पास्कल वॉलिश यांनी 2017 मध्ये 13 हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांवरून दाखवले, की पहाटे उठणाऱ्यांना तो पांढरा-सोनेरी दिसण्याचे प्रमाण रात्री जागणाऱ्यांपेक्षा जास्त होते. डोळ्यांतल्या दोषाचा संबंध कुठेच येत नाही. डोळे तपासायला सांगणारा माणूस पहिल्या विधानापुरता पूर्ण खरा, पुढच्या दोन्हींत चूक.

खरा तपशील, चुकीचा निष्कर्ष

हाच पोशाख हस्तिदंती रंगातही विकला जात होता. पांढऱ्या बाजूला हे आयते हत्यार. मात्र त्या नमुन्याचीही लेस काळीच होती, आणि पांढरा-सोनेरी नमुना तेव्हा बाजारात नव्हताच. निखळ थापेपेक्षा असली अर्धी माहिती जास्त फसवते, कारण पडताळणारा पहिला तपशील जुळताच थांबतो.

बहुमताचे मोल

बझफीडच्या मतचाचणीत दोन-तृतीयांशांहून अधिक मते पांढऱ्या-सोनेरीला पडली. त्याच वर्षी ‘करंट बायॉलॉजी’त आलेल्या 1,401 जणांच्या अभ्यासात 57 टक्क्यांनी निळा-काळा सांगितला, 30 टक्क्यांनी पांढरा-सोनेरी, आणि 11 टक्क्यांनी निळा-तपकिरी, हा पर्याय दोन तटांच्या भांडणात कोणी विचारातच घेत नव्हते. कोणाला विचारले आणि कसे विचारले, यावर बहुमताची बाजू पालटली.

पसंतीच्या आकड्यांचेही तसेच. मुच्निक, आरल आणि टेलर यांनी 2013 मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलेल्या प्रयोगात एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या एक लाखाहून अधिक प्रतिक्रियांपैकी काहींना, मजकूर न पाहता, सुरुवातीलाच एक पसंती देण्यात आली. अशा प्रतिक्रियांचे अंतिम गुण सरासरी 25 टक्क्यांनी वाढले. सर्वांत वर दिसणारी प्रतिक्रिया कधीकधी केवळ आधी उचलली गेलेली असते.

बाहेर जाऊन पडताळणी

स्टॅनफर्डचे सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस अशा 45 जणांना संकेतस्थळे पारखायला दिली. तपासनीस पान वाचत बसले नाहीत. लगेच दुसरी पाने उघडून त्या मजकुराबद्दल इतरत्र काय म्हटले आहे ते त्यांनी पाहिले. पोशाखाच्या बाबतीत विक्रेत्याची यादी उघडणे हे पाच मिनिटांचे काम होते. हजारो प्रतिक्रिया वाचून ते उत्तर मिळाले नसते.

मर्यादा

या वादात कोणाचे हितसंबंध गुंतलेले नव्हते. राजकीय वादात ‘मी स्वतः पाहिले’ हे पहिले विधानही गृहीत धरता येत नाही. सेंट पीटर्सबर्गच्या इंटरनेट रिसर्च एजन्सीची माणसे अमेरिकी नागरिक असल्याचे भासवून लिहीत होती, असा आरोप ठेवून अमेरिकेने फेब्रुवारी 2018 मध्ये 13 रशियन व्यक्तींवर खटला भरला. नवे खाते, शब्दशः तोच मजकूर, ठरावीक वेळी उठणारी लाट हे संशयाचे संकेत आहेत, पण आलेला मजकूर जसाच्या तसा डकवण्याची सवय खऱ्या समर्थकांनाही असते. खाते नेमके कोण चालवतो, हे सांगू शकणाऱ्या तांत्रिक नोंदी माध्यम चालवणाऱ्या कंपनीकडे असतात; वाचकासमोर फक्त नाव, चित्र आणि मजकूर येतो.